गोळी पोटात, झोप डोक्यात

“डॉक्टर, सर्दीची गोळी द्या, पण झोप येणारी नको. रात्री गाडी घेऊन पुण्याला निघायचंय.” असे सांगणारे पेशंट जसे येतात, तसेच नेमके उलटे बोलणारेही येतात. “मागच्या वेळची गोळी भारी होती हो. घेतली की तासाभरात डोळे मिटायचे. ही नवी काही पॉवरची दिसत नाही.” गुंगी आणते ती गोळी जोरदार आणि गुंगी न आणणारी हलकी, हा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी रस्त्यावर अपघातही होतात. सर्दीच्या गोळीने झोप येणे किंवा न येणे याचा तिच्या ताकदीशी काही संबंध नसतो. त्या औषधाचा रेणू मेंदूत शिरू शकतो की नाही, एवढाच तो प्रश्न असतो.

गोळीला पत्ता ठाऊक नसतो, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. डोकेदुखीची गोळी डोक्याकडे जाते आणि गुडघेदुखीची गुडघ्याकडे, असे काही होत नाही. पोटातून रक्तात गेलेले औषध रक्ताबरोबर अंगभर फिरते. मग ते कुठे शिरते आणि कुठून परत फिरते, हे त्याच्या रेणूची घडण ठरवते. रेणू म्हणजे कोणत्याही पदार्थाचा सर्वांत लहान कण, ज्यात त्या पदार्थाचे गुण शाबूत असतात. तो लहान आहे की मोठा, त्याला तेल मानवते की पाणी, त्याच्यावर विद्युतभार आहे की नाही, या तीन गोष्टी कळल्या की औषधांच्या वागण्यातली बरीच कोडी उलगडतात.

आधी आतड्याची भिंत

गिळलेली गोळी जठरात फुटते, विरघळते आणि बहुतेक औषध पुढे लहान आतड्यात शोषले जाते. या आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात आणि घड्यांवर मखमलीसारखी बारीक लव असते. आम्ही कॉलेजात असताना आतड्याची ही आतली बाजू पसरली तर टेनिसचे मैदान झाकेल, असे पाठ केले होते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा लहान आतड्याची ती बाजू सुमारे ३० चौरस मीटर भरली. म्हणजे मैदान नव्हे, तर एखाद्या लहानशा फ्लॅटएवढी. तरीही पोटात मावणाऱ्या अवयवासाठी हे क्षेत्रफळ काही कमी नाही.

या भिंतीच्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराचे आवरण असते. घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एका वाटीत पाणी आणि दुसरीत तेल घ्या. मीठ पाण्यात लगेच विरघळते, तेलात तळाशी बसून राहते. हळदीचा रंग फोडणीच्या तेलात छान उतरतो, पाण्यात मात्र हळद नुसती गढूळ तरंगते आणि खाली बसते. औषधाच्या रेणूला या दोन्ही वाट्यांतून जावे लागते. आतड्यातल्या पाण्यात विरघळला नाही तर तो भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि तेलाशी अजिबात जमले नाही तर भिंत ओलांडता येत नाही. म्हणून पोटातून घ्यायचे चांगले औषध साधारणपणे मधल्या स्वभावाचे असते.

दोन्ही टोकांची उदाहरणे आपल्या ओळखीची आहेत. क्षयाच्या उपचारात पूर्वी महिनोन्‌महिने टोचले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन पूर्णपणे पाण्याचे गिऱ्हाईक. त्यावर विद्युतभारही असतो. ते तोंडाने दिले तर आतड्यातून तसेच बाहेर पडते, म्हणून त्याचे इंजेक्शनच लागते. जेंटामायसिनचेही तसेच. इंजेक्शन जास्त गुणकारी म्हणून डॉक्टर देतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुष्कळदा इंजेक्शन केवळ आतड्याचे दार बंद असल्यामुळे द्यावे लागते. जे औषध गोळीने उत्तम शोषले जाते, ते साध्या दुखण्यात टोचून घेण्याने खिसा आणि कंबर यांपलीकडे काही हलके होत नाही. दुसऱ्या टोकाला हळद. तिच्यातला कर्क्युमिन हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जो थोडाफार आत शिरतो त्याचे आतड्याची भिंत आणि यकृत लगेच रूपांतर करून टाकतात. हळदीच्या महागड्या कॅप्सूलच्या जाहिराती वाचताना ही अडचण आठवावी.

आकाराचे म्हणाल, तर १९९७ साली अमेरिकेतील फायझर कंपनीतले शास्त्रज्ञ ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी शेकडो औषधांची छाननी करून काही ठोकताळे मांडले. त्यांतील एक असा, की रेणुभार ५०० च्या वर गेला की औषध तोंडाने शोषले जाणे अवघड होत जाते. पॅरासिटामॉलचा रेणुभार १५१, ॲस्पिरिनचा १८०. इन्सुलिनचा जवळजवळ ५,८००! शिवाय इन्सुलिन हे प्रथिन असल्याने पोट त्याला अंड्यासारखे पचवून टाकते. मधुमेही पेशंट “गोळीतलं इन्सुलिन नाही का?” असे विचारतात, त्याचे उत्तर इथे आहे. अर्थात ठोकताळे ते ठोकताळे. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे ८२३ भाराचे धूड असूनही उपाशीपोटी घेतल्यास चांगले शोषले जाते.

भिंत ओलांडणे म्हणजे सुखरूप पोचणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी सर्दीच्या असंख्य गोळ्यांत फेनिलेफ्रिन घातलेले असते. नाकात थेंब टाकल्यास ते काम करते. पण गिळल्यावर आतड्याची भिंतच त्याचा बहुतांश भाग निकामी करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले, की तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही. आपल्याकडे मात्र अशा गोळ्या अजूनही हातोहात खपतात.

मग मेंदूची वेस

आतड्यातून रक्तात आलेले औषध यकृत, फुप्फुस, स्नायू अशा बहुतेक ठिकाणी सहज पोचते. केशवाहिन्यांच्या भिंतीत बारीक फटी असतात आणि त्यांतून ते बाहेर झिरपते. मेंदूत तशा फटी नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला, तेव्हा सारे अवयव रंगले, पण मेंदू कोराच राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये तसाच रंग रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचे अंग कोरे राहिले! म्हणजे मेंदू रंग धरतो, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अडसर आहे. तो नेमका कुठे आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला १९६७ साल उजाडले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की मधून काहीच निसटत नाही. जायचे तर पेशीच्या स्निग्ध आवरणातूनच जावे लागते. त्यामुळे लहान, तेलाशी जमणारे आणि विद्युतभार नसलेले रेणू आत जातात, बाकीचे वेशीबाहेर राहतात.

दारू या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होते. तिचा रेणुभार अवघा ४६. पाण्यात ती मिसळतेच आणि स्निग्ध आवरणही तिला अडवत नाही. काही मिनिटांत माणसाचा आवाज चढतो, तो यामुळेच.

आता सर्दीच्या गोळीकडे वळू. शिंका, नाक गळणे, अंगावर पित्त उठणे यांमागे हिस्टामिन नावाचे द्रव्य असते. त्याला रोखणारी जुनी औषधे म्हणजे एव्हिल, फेनरगान आणि सीपीएम या नावाने ओळखले जाणारे क्लोरफेनिरामिन. यांचे रेणू लहान आणि तेलाशी सलगी करणारे. ते नाकात हिस्टामिनला अडवतात, तसेच मेंदूतही शिरून अडवतात. गंमत अशी, की मेंदूत हिस्टामिनचे काम अगदी वेगळे आहे. तिथे ते आपल्याला जागे ठेवते. त्याला अडवले की डोळे जड होतात. म्हणजे सर्दीच्या दृष्टीने ही झोप औषधाचा गुण नसून वाट चुकलेले काम आहे.

नव्या गोळ्यांत काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. ॲटरॅक्स या नावाने मिळणारे हायड्रॉक्सिझिन हे जुने, चांगलेच गुंगी आणणारे औषध. आपले यकृत त्याच्या रेणूच्या शेपटीला किंचित बदलते आणि तिथे एक आम्लगट तयार होतो. बाकी सारा सांगाडा तोच. पण या बदललेल्या रेणूवर एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन विद्युतभार येतो आणि मेंदूच्या वेशीत तो अडतो. हाच रेणू वेगळा तयार करून बाजारात आला, तो सेटिरिझिन. फेक्सोफेनाडिन तर त्याहूनही बाहेर राहते. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी माणसांना या गोळ्या देऊन त्यांच्या मेंदूची खास छायाचित्रे घेतली. क्लोरफेनिरामिनने मेंदूतील हिस्टामिनच्या जागांपैकी निम्म्याच्या आसपास अडवल्या. सेटिरिझिनच्या दहा मिलिग्रॅमने सुमारे आठवा हिस्सा अडवला, आणि फेक्सोफेनाडिनने जवळजवळ काहीच नाही. पित्त उठणे थांबवण्यात मात्र या नव्या गोळ्या जुन्यांपेक्षा कुठेही कमी नाहीत. पॉवर आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

तरीही सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते, हे आकड्यांवरूनच दिसते. ड्रायव्हर, मशीनवर काम करणारे आणि परीक्षेला बसणारे विद्यार्थी यांनी डॉक्टरांना आपले काम सांगूनच गोळी घ्यावी. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेऊ नये, कारण रसामुळे त्याचे शोषण घटते. ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे. जुन्या गोळीवर दारू घेणे म्हणजे एकाच खोलीत दोन गुंगीची पाहुणी एकदम बोलावणे होय.

दुकानातून मागून घेतलेल्या “सर्दी-तापाच्या” मिश्र गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिनच असते. पाकिटावर दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत फक्त ब्रँडचे नाव असते, खरे नाव मागे बारीक अक्षरांत. ते वाचून घ्यावे. वयस्कर माणसांना या गोळीने रात्री उठल्यावर तोल जाणे, असंबद्ध बोलणे, लघवी तुंबणे असे त्रास होतात. घरच्यांना वाटते, आजोबांना वेड लागले किंवा अर्धांगाचा झटका आला. दोन दिवस गोळी बंद केली की आजोबा पुन्हा पेपर वाचू लागतात. लहान मुलांचे तर विचारूच नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. प्रवासात बाळ रडू नये म्हणून मुद्दाम सर्दीचे सिरप पाजणाऱ्या माता-पित्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की हे करू नका.

मान वाकडी, डोळे वर

उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नावाचे औषध फार वापरले जाते. पेरीनॉर्म म्हटले की अनेकांना कळेल. ते मेंदूत शिरते आणि तिथल्या डोपामिन या द्रव्याला अडवते. डोपामिन हालचालींवर ताबा ठेवते. त्यामुळे एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला औषध घेतल्यावर काही तासांत मान एका बाजूला वळणे, डोळे वर जाणे, जीभ बाहेर येणे, जबडा आवळणे असे प्रकार होतात. भान मात्र पूर्ण शाबूत असते. खेड्यातून असे पेशंट दवाखान्याऐवजी आधी देवऋषीकडे नेले जातात, लिंबू उतरून होते, मग कोणीतरी शहाणा माणूस गाडीत घालून आणतो. फेनरगानचे एक इंजेक्शन दिले की बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते आणि नातेवाईक तोंडात बोट घालतात. इथे फेनरगानचा जो अवगुण, तोच उपयोगी पडतो. ते मेंदूत शिरते म्हणूनच तिथला घोटाळा सोडवू शकते.

डोम्पेरिडोन हे उलटीचे दुसरे औषध फारसे मेंदूत जात नाही, तरी उलटी थांबवते. हे कसे? मेंदूच्या तळाशी उलटीची सूचना देणारी एक छोटी जागा आहे. रक्तात विष आले तर ते तिला लगेच कळावे, यासाठी निसर्गाने तिथे अडसर ठेवलेलाच नाही. वेशीबाहेरच्या चौकीसारखी ही जागा. डोम्पेरिडोन तेवढ्या चौकीपर्यंत जाऊन परत फिरते. पण म्हणून ते निर्धोक समजू नये. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, त्यामुळे साठीपुढील माणसांनी आणि हृदयरोग्यांनी ते स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणे बरे नाही. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये ते जोडून येते, हेही पुष्कळांना माहीत नसते.

वेशीवरचा पहारेकरी

आतापर्यंत सांगितलेल्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. काही रेणू तेलाशी चांगले जमवून घेतात, म्हणजे आत शिरायला हवेत, पण शिरत नाहीत. कारण केशवाहिनीच्या पेशीत पंपासारखी प्रथिने असतात. आत आलेल्या परक्या रेणूला पकडून ती पुन्हा रक्तात फेकतात. असा एक पंप १९७६ साली कर्करोगाच्या औषधांचा अभ्यास करताना सापडला होता. मेंदूसाठी त्याचे महत्त्व किती आहे, हे मात्र योगायोगाने कळले. ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या अंगावर गोचिडांसारखे बारीक किडे झाले, म्हणून नेहमीचे आयव्हरमेक्टिन फवारले. साध्या उंदरांना काही झाले नाही, पंप नसलेले मात्र पटापट मेले. तपासल्यावर त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन नेहमीच्या सुमारे नव्वद पट आढळले. १९९४ साली हे प्रसिद्ध झाले.

खरजेवर आणि हत्तीरोगाच्या मोहिमेत आपण हेच आयव्हरमेक्टिन माणसांना देतो. ठरलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे, कारण आपला पहारेकरी जागा असतो. पण जनावरांसाठी आणलेले औषध अंदाजाने स्वतः घेणे, किंवा कोरोनाच्या काळात झाले तसे कुठेतरी ऐकून गोळ्यांवर गोळ्या खाणे, म्हणजे त्या पहारेकऱ्याला किती जण आवरतील याची परीक्षा पाहणे आहे.

जुलाब थांबवणारे लोपेरामाइड हेही याच पहाऱ्यामुळे औषध म्हणून चालते. जातीने ते अफूच्या कुळातले आहे. आतड्याची हालचाल ते मंद करते, पण मेंदूतून पंप त्याला बाहेर काढतो, म्हणून नशा येत नाही. ‘नशा नाही म्हणजे धोका नाही’ असे गणित मांडून लोक ते बाळांनाही देतात. लहान बाळांत या औषधाने आतडी लुळी पडून पोट फुगते. पाकिस्तानात अशी बालके दगावल्यावर १९९० साली लहान मुलांसाठीचे त्याचे थेंब बाजारातून मागे घेण्यात आले. बाळाच्या जुलाबाला जलसंजीवनी आणि झिंक, आणि आईचे दूध चालू. रक्त पडत असेल, बाळ मलूल झाले असेल किंवा लघवी थांबली असेल, तर थेट दवाखाना.

फवारणीचे विष

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील वाचकांसाठी हा भाग अधिक महत्त्वाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे सर्वांना आठवत असेल. आपल्याकडे वापरात असलेली बरीच कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गातील आहेत. त्यांचे रेणू तेलकट स्वभावाचे. त्यामुळे त्यांना पोटात जाण्याची गरजच नसते. न कापलेल्या, न खरचटलेल्या धडधाकट कातडीतून ती आत शिरतात, घाम आलेला असेल तर अधिक सहज, आणि पुढे मेंदूतही पोचतात. “मी तोंडाला रुमाल बांधला होता” हे पुरेसे नाही. पाठीवरचा पंप गळून शर्ट ओला झाला असेल, तर तो शर्ट तासभर अंगावर ठेवणे म्हणजे विषाचा लेप लावणे आहे. आधी कपडे उतरवावेत, साबणाने भरपूर पाण्यात अंघोळ घालावी, केस आणि नखेही धुवावीत, मग गाडीत बसवावे. डब्यावरचे लेबल किंवा डबाच बरोबर आणावा.

इस्पितळात यावर दोन औषधे दिली जातात. ॲट्रोपिन मेंदूत शिरते. जीव वाचवण्यासाठी ते पुष्कळ द्यावे लागते, आणि मात्रा वाढली की पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, चादर ओढतो. नातेवाईक घाबरून “डॉक्टरांनी भलतंच इंजेक्शन दिलं” म्हणून गोंधळ घालतात. तशी चिन्हे दिसली की मात्रा कमी करतात आणि भ्रम ओसरतो. तेवढ्यासाठी पेशंट उचलून दुसरीकडे नेऊ नये. दुसरे औषध पॅम. त्याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो, म्हणून ते शिरेतून द्यावे लागते आणि मेंदूत फारसे जात नाही. विष वेस ओलांडते, पण त्याचा एक उतारा बाहेरच थांबतो. डॉक्टर या पेशंटला दिवसेंदिवस नजरेखाली का ठेवतात, याचे हेही एक कारण आहे.

मेंदूत जाणे जेव्हा हवेच असते

इथवर मेंदूत नको असलेल्या औषधांबद्दल बोललो. जंतू मेंदूच्या आवरणात घुसतात तेव्हा प्रश्न उलटा होतो. क्षयाचा मेंदूज्वर झालेल्या मुलांना १९४०-५० च्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन पाठीच्या मणक्यांतून सुई घालून पुन्हा पुन्हा द्यावे लागे, कारण रक्तातून ते पोचत नसे. १९५२ नंतर आयसोनियाझिड वापरात आले. रेणुभार फक्त १३७, आणि ते मेंदूभोवतीच्या पाण्यात जवळजवळ रक्ताइतक्याच प्रमाणात उतरते. साध्या गोळीने जे साधले, ते त्या वेदनादायक सुयांनी क्वचितच साधत असे. पायराझिनामाइडही चांगले जाते. रिफाम्पिसिनचा थोडाच भाग पोचतो, तरीही ते लागतेच. इतर जंतूंच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनसारखी औषधे आत जातात, ती सुजेमुळे वेशीत फटी पडलेल्या असतात म्हणून. उपचाराने सूज उतरली की फटी पुन्हा बुजतात आणि औषध कमी पोचू लागते. म्हणूनच ताप उतरला, मूल हसूखेळू लागले, तरी इंजेक्शनांची मोठी मात्रा ठरलेल्या दिवसांपर्यंत तशीच चालू ठेवतात. क्षयाच्या मेंदूज्वराचे उपचार तर साधारणतः वर्षभराचे. मूल शाळेत जाऊ लागले म्हणून मध्येच गोळ्या सोडलेली घरे मी पाहिली आहेत. त्यांतली काही मुले पुढे चालू किंवा ऐकू शकली नाहीत.

शेवटी कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची गोष्ट, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा या आपल्या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे तिकडे लक्ष गेले. तिच्यातून निघालेले रेसरपिन मेंदूत शिरून तिथला डोपामिनचा साठा रिकामा करते. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ते दगडासारखे निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळाले. कंपवातात डोपामिनच कमी पडते. पण डोपामिन थेट दिले तर ते वेशीबाहेर राहते. एल-डोपा हे त्याचे आधीचे रूप दिसायला अन्नातील अमिनो आम्लांसारखे असते, आणि मेंदूला अमिनो आम्ले लागतात म्हणून त्यांच्यासाठी वेशीत खास दिंडी दरवाजा असतो. त्या दारातून एल-डोपा आत जाते आणि आत गेल्यावर डोपामिन होते. मात्र वाटेतच, मेंदूबाहेर, त्याचे डोपामिन झाले तर मळमळ होते आणि औषध वाया जाते. ते टाळण्यासाठी कार्बिडोपा जोडतात, जे मेंदूत जात नाही आणि फक्त बाहेरचे रूपांतर थांबवते. यामुळे एल-डोपाची मात्रा सुमारे पाऊणपट कमी पुरते. खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असते, पण तिचे चूर्ण अंदाजाने गोळ्यांवर घेऊ नये, मात्रा दुप्पट होऊन अंग वेडेवाकडे हलू लागते.

त्या दिंडी दरवाज्याची एक अडचण आहे. डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण यांतील प्रथिनांची अमिनो आम्लेही तिथेच रांगेत उभी असतात, आतड्यात आणि मेंदूच्या वेशीतही. भरपूर वरण-भात किंवा दुधाबरोबर गोळी घेतली, तर ती मागे राहते आणि पेशंट म्हणतो, “सकाळची गोळी लागते, दुपारची लागत नाही.” दुपारची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास पाण्याबरोबर घेऊन पाहावी. मळमळत असेल तर सोबत कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा दोन साधी बिस्किटे खावीत, आणि डाळ-दुधाचा मोठा वाटा डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाकडे न्यावा.